कामगाराच्या मृत्यूची नोंद कोणत्या वहीत?

(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



२० ऑगस्ट २०२१ रोजी आपल्या सिंदखेडराजा तालुक्यात, तढेगावच्या परिसरात, लोखंडी सळया भरलेला एक टिप्पर उलटला. त्या सळयांच्या ढिगावर समृद्धी महामार्गाच्या कामावरचे मजूर बसलेले होते. त्यांच्यापैकी १३ जण मेले. पोटासाठी परप्रांतांतून आलेली ही माणसे. ज्या रस्त्याने नागपूर आणि मुंबई काही तासांच्या अंतरावर आणली, तो रस्ता पुरा झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत बातमी आली, मंत्र्यांनी शोक व्यक्त केला, मदत जाहीर झाली. परंतु समाजवादी कार्यकर्त्याने विचारायचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. हे १३ मृत्यू कोणत्या वहीत लिहिले गेले? वाहन उलटून माणूस मेला की पोलीस ठाण्यात तो वाहन अपघात ठरतो, आणि वर्षाअखेरीस राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात वाहतूक अपघातांच्या रकान्यात जाऊन पडतो. वाहनाचा वेग किती होता, चालक कोण होता, हे प्रश्न त्यातून निघतात. मालवाहू गाडीत, सळयांवर, माणसे बसवण्याची वेळ कोणी आणली, मजुरांना ने-आण करण्यासाठी वेगळे वाहन देण्याचा खर्च कोणी वाचवला, ठेकेदाराच्या वरचा ठेकेदार कोण, हे प्रश्न त्या रकान्यात मावत नाहीत. मजुराला कामाच्या जागी नेणे हा कामाचाच भाग आहे. पण ‘काम’ हा शब्दच त्या नोंदीतून गहाळ होतो आणि त्याबरोबर मालक नावाचा इसमही गहाळ होतो.

याच जिल्ह्यात याच महामार्गावर १ जुलै २०२३ च्या पहाटे खाजगी बस पेटून २५ प्रवासी दगावले. तेव्हा टायर, वेग, चालकाची झोप, आपत्कालीन दार यांची चर्चा महाराष्ट्रभर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पुढे बरोबर एका महिन्याने, १ ऑगस्ट २०२३ रोजी, ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळ याच महामार्गाच्या पुलाच्या कामावर गर्डर उचलणारे अवजड यंत्र कोसळून २० जण मेले. प्रवासी मेला की रस्ता कसा सुधारावा असे समाज विचारतो. मजूर मेला की वारसाला किती दिले एवढे विचारून तो थांबतो. आजच्या विषयाचे मर्म या फरकात आहे. ज्या मृत्यूची नोंद कामावरचा मृत्यू म्हणून होत नाही, तो मृत्यू टाळण्याची जबाबदारी कोणावरच येत नाही. भरपाई ही झाल्या मृत्यूची किंमत असते, तर नोंद ही पुढच्या मृत्यूला घातलेली आडकाठी असते.

नोंदीतून सुटण्याची ही वाट नवी नाही. बुलढाणा हा कापसाचा मुलूख. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावचा कापूस बाजार आणि जलंब-खामगाव ही रेल्वेची शाखा खुली करण्यासाठी येथे आला होता, यावरून या कापसाची मातब्बरी ध्यानात यावी. कापसामागोमाग वऱ्हाड-खानदेशात सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने आले. १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. पण तो शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांहून जास्त चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. सरकी काढण्याचा कारखाना हंगामी. म्हणजे ज्या कारखान्यांत बायामाणसे पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत राबत, असे १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनांविषयी सांगितले गेले, तेच कारखाने नेमके कायद्याच्या बाहेर राहिले. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत यायला १९११ साल उजाडावे लागले. तीस वर्षे या यंत्रांनी किती बोटे घेतली याचा हिशेब कोठेही मिळणार नाही, कारण तो ठेवण्याचे बंधनच कोणावर नव्हते.

त्याच काळात, १८८४ मध्ये, महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी एक मागणीपत्र तयार केले. त्यातली साप्ताहिक सुटीची मागणी सर्वांना पाठ आहे. पण त्याच पत्रात आणखी एक मागणी होती: काम करताना जबर दुखापत झालेल्या कामगाराला बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या उदरनिर्वाहाची तरतूद व्हावी. कामगार भरपाईचा कायदा झाला १९२३ साली, म्हणजे ३९ वर्षांनी. अर्धशिक्षित म्हणून हिणवल्या गेलेल्या गिरणीवाल्यांना जे तेव्हा उमगले होते, ते उमगायला सरकारला जवळजवळ दोन पिढ्या लागल्या.

आज काय स्थिती आहे? १९४८ च्या कारखाने कायद्याने वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की कारखाना मानला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा २० वर नेली. विजेशिवाय चालणाऱ्या ठिकाणी २० वरून ४० वर. कंत्राटी कामगारांच्या तरतुदींसाठी २० ची मर्यादा ५० झाली. संहितेत चांगले काही नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. सोबतच्या सामाजिक सुरक्षा संहितेने घरून कामावर जाता-येता होणारा अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, कामावरचा मानला आहे. ही कामगारांच्या जुन्या मागणीची पूर्तता आहे. पण उंबरठा जितका उंच, तितके अधिक लोक दाराबाहेर, हे १८८१ चे गणित त्यामुळे बदलत नाही. मलकापूर, खामगाव, चिखलीच्या परिसरात लहान कारखाने, तेलघाण्या, डाळ गिरण्या, वेल्डिंगची दुकाने, वीटभट्ट्या यांत राबणाऱ्या माणसांनी आपण कोणत्या बाजूला आहोत हे मोजून पाहावे.

आता कापसाबरोबरच थोडे पुढे जाऊ. जिनमध्ये दोन प्रकारची इजा होते. एक दिसणारी. रोलरमध्ये अडकलेला बोंडाचा तुकडा काढायला हात घातला आणि पट्टा चालूच होता. साडीचा पदर किंवा ओढणी फिरत्या दांड्यात गुंतली. रुईच्या ढिगाला ठिणगीने आग लागली. ही इजा निदान गावात सांगितली जाते. दुसरी इजा दिसत नाही. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जाते आणि फुप्फुसाचा एक विकार जडतो. वैद्यकशास्त्र त्याला बिसिनोसिस म्हणते. त्याची सुरुवातीची खूण विलक्षण आहे. सुटीनंतर कामावर आले की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. आठवडा पुढे सरकतो तसे बरे वाटू लागते. म्हणून जगभरच्या सूत गिरण्यांत हा सोमवारचा आजार म्हणून ओळखला गेला. पुढे मात्र वारांचा भेद संपतो आणि दमा कायमचा होतो.

हा रोग कारखाने कायद्याच्या परिशिष्टात कळवण्याजोगा रोग म्हणून होता. म्हणजे डॉक्टरला असा रुग्ण आढळला तर त्याने तो शासनाला कळवायचा. पण हंगाम सरला की जिनमधली बाई निंदणीला जाते, उन्हाळ्यात मिळेल ते काम पाहते. ती दवाखान्यात पोचते तेव्हा तिच्या केसपेपरवर ‘दमा’ लिहिले जाते. व्यवसायाच्या जागी ‘घरकाम’ किंवा ‘शेतमजुरी’. दहा हंगाम जिनमध्ये काढले हे डॉक्टरने विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही, कारण या दोहोंचा संबंध आहे हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. रोग परिशिष्टात राहिला आणि रोगी परिशिष्टाबाहेर. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगात दरसाल कामामुळे सुमारे २९ लाख माणसे मरतात, आणि त्यांतली सुमारे २६ लाख अपघाताने नव्हे तर रोगाने मरतात. जिल्ह्यात कामामुळे होणाऱ्या रोगाची नोंद जवळजवळ शून्य दिसत असेल, तर त्याचा अर्थ रोग नाही असा होत नाही. पाहणारा डोळा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि आता शेत. या जिल्ह्यातला सर्वांत मोठा कारखाना शेत हाच आहे. त्याला छप्पर नाही, फाटक नाही, हजेरीपट नाही, म्हणून तो कोणाला कारखाना वाटत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मेले आणि शेकडो माणसे रुग्णालयात दाखल झाली. कपाशी त्या वर्षी पुरुषभर वाढली होती. फवारा वर मारावा लागे आणि तोच तोंडावर, छातीवर उतरे. दोन-तीन विषे एकत्र कालवली जात होती. हवेत उकाडा आणि ओल होती. अंगातला सदरा भिजून कातडीला चिकटलेला. २०१७ च्या अखेरीस राज्य सरकारने पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. ती यवतमाळपुरती नव्हती. अमरावती, अकोला, वाशीम यांच्याबरोबर आपला बुलढाणाही त्यात होता. धोका आपल्या बांधापर्यंत आला आहे हे सरकारलाही मान्य होते.

आपल्याकडे कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. ‘औषध मारायला गेला’ हे वाक्य गावोगाव ऐकू येते. या शब्दाने केवढा घात केला आहे! सेंद्रिय फॉस्फरस गटातली विषे शरीरातल्या एका विकराला निकामी करतात. मज्जातंतूने स्नायूला दिलेला संदेश संपल्यावर तो पुसून टाकण्याचे काम हे विकर करते. ते बंद पडले की संदेश थांबतच नाही. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम फुटतो, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास घेणारे स्नायू थकतात. वेळेवर अॅट्रोपिन मिळाले तर माणूस वाचू शकतो. रक्तातल्या या विकराची, कोलिनेस्टरेजची, तपासणी केली तर माणूस कोसळण्यापूर्वीच कळते की याला आता फवारणीपासून दूर ठेवले पाहिजे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत विष हाताळणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीची, संरक्षक कपड्यांची, उताऱ्याच्या औषधांच्या साठ्याची तरतूद आहे. १९६८ च्या मूळ कायद्यात तर विषबाधेची प्रत्येक घटना कळवण्याचे बंधन घालण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला आहे. पन्नास वर्षांहून जुनी ही अक्षरे. बांधावर ती कोणी वाचून दाखवली?

त्या वर्षी एक गोष्ट मोठ्या आवाजात सांगितली गेली: शेतकऱ्यांनी हातमोजे घातले नाहीत, तोंड बांधले नाही, म्हणून हे झाले. या युक्तिवादाकडे नीट पाहिले पाहिजे, कारण तो प्रत्येक अपघातानंतर येतो. धोका टाळण्याचा एक क्रम आहे आणि तो जगभर मान्य आहे. सर्वांत आधी धोकाच काढून टाका: अतिविषारी द्रव्य बाजारातूनच हटवा. ते जमत नसेल तर कमी विषारी पर्याय द्या. मग यंत्राची रचना अशी करा की माणूस धोक्याजवळ जाऊच नये. मग कामाची पद्धत आणि वेळ बदला. आणि हे सर्व करून जो उरेल त्या धोक्यासाठी मोजे, मुखवटा, टोपी. आपल्याकडे हा क्रम उलटा लावला जातो. पहिली गोष्ट मोजे, आणि शेवटचीही तीच. सप्टेंबरच्या उकाड्यात, पाठीवर पाण्याने भरलेला पंप घेऊन, रबराचा अंगरखा घालून दिवसभर चिखलात चालणे म्हणजे काय हे सल्ला देणाऱ्याने एकदा करून पाहावे. जो उपाय माणसाच्या देहाला सोसवत नाही तो उपाय नव्हे, ती जबाबदारी झटकण्याची सोय आहे.

सोयाबीनच्या मळणीयंत्राचे उदाहरण घ्या. पेंढी आत सरकवताना हात खेचला जातो आणि आम्ही म्हणतो, बाप्याचे लक्ष नव्हते. परंतु पेंढी टाकण्याचे तोंड पुरेसे लांब आणि वरून झाकलेले असेल, तर लक्ष नसलेल्या माणसाचाही हात दात्यांपर्यंत पोचत नाही. रात्री उशिरापर्यंत चाललेल्या मळणीत थकलेल्या माणसाचे लक्ष जाणारच. यंत्र ते गृहीत धरून बनवायचे असते. अशा यंत्रांसाठी १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला, तो याच विचाराने: जबाबदारी यंत्र बनवणाऱ्यापासून सुरू व्हावी.

आता एका अडचणीच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे, कारण तो टाळून गावात बोलता येणार नाही. फवारणीला गेलेला शेतमजूर मेला. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात शेतीत कीटकनाशक फवारणाऱ्याचा स्पष्ट उल्लेख होता. फॉस्फरसच्या विषारी संयुगांपासून होणारे रोगही व्यवसायजन्य रोगांत होते. म्हणजे भरपाई मालकाने द्यायची. पण हा मालक कोण? तीन-चार एकर कोरडवाहू जमिनीचा, सोसायटीचे आणि सावकाराचे कर्ज डोक्यावर असलेला, त्याच मजुराशेजारी दुसरा पंप पाठीवर घेऊन चालणारा शेतकरी. त्याच्या घरावर भरपाईचा दावा लावायचा, की मजुराच्या विधवेला रिकाम्या हाताने परत पाठवायचे? दोन्ही गोष्टी अन्यायाच्या आहेत.

राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. २०२३ पासून ती विमा कंपन्यांना वगळून शासनामार्फतच सानुग्रह अनुदान म्हणून चालते आणि मृत्यूनंतर वारसाला दोन लाख रुपये मिळतात. योजना चांगली आहे. पण ती वहितीधारक खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीला आहे. सातबारा दाखवावा लागतो. एकाच शेतात, एकाच दुपारी, एकाच डब्यातले विष फवारून दोघे कोसळले, तर सातबारा असलेल्याच्या घरी दोन लाख येतील आणि सातबारा नसलेल्याच्या घरी तहसीलदाराच्या कृपेवर काय मिळेल ते. मृत्यूपुढे सर्व सारखे, ही म्हण आपल्या शेतात खोटी ठरते.

यावर मार्ग काढण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. महाराष्ट्राने तो एकदा काढला आहे. बाजारातल्या हमालाला एक मालक नसतो. सकाळी या अडत्याच्या पोत्यांना पाठ, दुपारी त्या व्यापाऱ्याच्या. पाठ मोडली तर जबाबदार कोण? १९६९ च्या माथाडी कायद्याने उत्तर दिले: सर्व मालकांनी मजुरीबरोबर ठराविक आकार मंडळाकडे भरावा, आणि त्या सामाईक निधीतून कामगाराला संरक्षण मिळावे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ च्या कायद्यांनी बांधकाम खर्चावर उपकर लावला तो याच तत्त्वावर. मग शेतमजुरांसाठी हे का होऊ नये? कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीमागे, प्रत्येक मळणीयंत्रामागे, बाजार समितीत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक क्विंटलमागे व्यापारी आणि उत्पादक यांच्याकडून अल्प उपकर घेतला, तर इजा झालेल्या मजुराला भरपाई मिळेल आणि लहान शेतकऱ्याच्या घरावर टाच येणार नाही. शिवाय ज्या मालामुळे इजा जास्त, त्यावर उपकर जास्त ठेवला, तर कमी विषारी माल विकण्यात कंपनीचाही फायदा राहील. पण या निधीचे दर ठरवायचे तर कोणत्या मालाने किती माणसे पडली हे माहीत हवे. म्हणजे गाडी पुन्हा नोंदीपाशी येते.

नोंदीने खरोखर काही साधते का, असा प्रश्न थकलेला कार्यकर्ता विचारील. दोन उदाहरणे पुरेत. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे आणि लेकरे मरत असत. भाताच्या शेतात, पेंढ्यांत, गवतात राबणाऱ्यांचा हा दंश. बावस्करांनी प्रत्येक रुग्णाजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा यांची तासातासाने नोंद ठेवली. त्या वहीतून विंचवाचे विष हृदयावर कसे काम करते हे उमगले आणि प्राझोसिन हे स्वस्त औषध लागू पडते हे दिसले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आले. मोठी प्रयोगशाळा नव्हती. होती ती खेड्यातली वही.

दुसरे उदाहरण उलट्या बाजूचे. भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यात २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री जे घडले ते जगाला माहीत आहे. त्याच कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी गेला होता. कामगारांनी आवाज उठवला होता, भिंतींवर पत्रके लावली होती. तो मृत्यू ‘एक अपघात’ म्हणून मिटवला गेला. एका मृत्यूतून जे शिकायचे ते न शिकल्याची किंमत तीन वर्षांनी हजारोंनी दिली. यवतमाळच्या बाबतीतही हेच दिसते. तिथल्या काही पीडित कुटुंबांनी २०२० मध्ये थेट स्वित्झर्लंडमध्ये जाऊन कीटकनाशक बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध दाद मागितली. ते धाडस त्यांना करता आले, कारण पोलिसांच्या कागदांत काही रुग्णांपुढे विषाचे नाव लिहिलेले होते. कोण्या एका जमादाराने बाटलीवरचे नाव उतरवून घेतले, आणि त्या एका शब्दाच्या बळावर कापसाच्या शेतातला माणूस साता समुद्रापलीकडच्या न्यायालयाच्या दारात उभा राहू शकला.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे आज एक साधे काम आहे. प्रत्येक शाखेने एक वही घालावी. कामावर इजा झालेल्या, आजारी पडलेल्या, मेलेल्या प्रत्येक माणसाची नोंद तीत व्हावी: काय काम चालू होते, कोणासाठी, मजुरी कोण देत होता, कोणते यंत्र किंवा कोणते विष, किती तास काम झाले होते, पहिला उपचार कधी आणि कोठे मिळाला. माणसाची खाजगी गोष्ट चव्हाट्यावर येणार नाही आणि नोंद त्याच्या किंवा घरच्यांच्या संमतीनेच होईल, हे कटाक्षाने पाहावे. जो वाचला पण थोडक्यात बचावला त्याचीही नोंद करावी, कारण उद्याच्या मृत्यूची सूचना त्याच्यात असते.

इजा झाल्यावरचे पहिले काही तास मोलाचे असतात. विषाची बाटली फेकू नये. लेबलासह ती रुग्णाबरोबर दवाखान्यात न्यावी. लेबलावरचा लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा, हे गावातल्या प्रत्येक शाळकरी पोरालाही ठाऊक व्हावे. केसपेपरवर ‘विषबाधा’ एवढेच न लिहिता ‘फवारणी करताना झालेली विषबाधा’ लिहिले जाईल असे पाहावे. त्या दोन शब्दांवाचून तो मृत्यू आत्महत्येच्या संशयात अडकतो आणि वारसाचा हक्क बुडतो. पंचनाम्यात कामाचा आणि मुकादमाचा उल्लेख यावा. ठेकेदाराच्या गाडीतून मजूर जात असतील तर ती गाडी माल वाहणारी की माणसे वाहणारी, हे अपघाताआधी विचारावे. नंतर विचारून फक्त शोकसभा घेता येते.

वर्षातून एकदा, २८ एप्रिलला, कामावर मेलेल्या कामगारांच्या जागतिक स्मरणदिनी, ही वही जिल्हाधिकाऱ्यांपुढे उघडावी आणि चार मागण्या कराव्यात. तालुका पातळीवरच्या रुग्णालयांत फवारणीच्या हंगामात कोलिनेस्टरेजची तपासणी आणि उताऱ्याच्या औषधांचा पुरेसा साठा असावा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत रुग्णाच्या कामाचा रकाना असावा आणि तो भरला जावा. फवारणीच्या विषबाधेची प्रत्येक घटना कळवणे बंधनकारक व्हावे. आणि जिनमध्ये हंगामापूर्वी यंत्रांच्या आच्छादनांची तपासणी व्हावी, तिच्यात कामगारांनी निवडलेला माणूस हजर असावा. शेवटची मागणी जगावेगळी नाही. ब्रिटनमध्ये १९७७ च्या नियमांनी युनियनांना कारखान्यात सुरक्षा प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला. भोपाळनंतर १९८७ साली आपल्या कारखाने कायद्यातही धोकादायक उद्योगांपुरता कामगारांचा सहभाग आला. ज्याचा हात यंत्राजवळ असतो त्याला यंत्र कळते, इतकी साधी गोष्ट त्यामागे आहे.

रोजगार हमीचा लढा ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवत असेल, दुष्काळी कामांवर हजेरीपट पाहण्याचा आग्रह धरला तेव्हा सुरुवातीला मुकादम हसत. पुढे त्याच हजेरीपटाने मजुरी मिळवून दिली. कारण कागदावर नाव असलेल्या माणसाला ‘तू कोण?’ असे विचारता येत नाही. कामावर मेलेल्याचे नाव कागदावर आणणे ही त्याच लढ्याची पुढची पायरी आहे.

सिंदखेडराजाजवळच्या त्या रस्त्यावरून आज गाड्या भरधाव जातात. जाणाऱ्याला तेथे काय घडले याची कल्पना नसते. ती असावी अशी अपेक्षाही नको. पण या जिल्ह्यात कामासाठी आलेला पुढचा मजूर सळयांवर बसून जाणार नाही, एवढे घडवणे आपल्या हातात आहे. त्याची सुरुवात एका वहीने आणि एका प्रश्नाने करता येते: हा माणूस मेला, तेव्हा तो कोणाचे काम करीत होता?